माळावर लागलेली झोप

दार उघडलं आणि धनलक्ष्मीची दिवसभराची मेहनत पाण्यात गेली.

"लाल दिवा दिसत नाही का?" ती अंधारातूनच ओरडली.

"दिसला की," दारातला उन्हानं रापलेला तरुण म्हणाला. "मला वाटलं बिघडलाय. लिफ्टचा बी असाच लागून ऱ्हातो."

लाल दिवा म्हणजे आत प्रयोग चालू, उजेड येऊ द्यायचा नाही. काळ्या पडद्यांच्या आड धनलक्ष्मी प्रकाशाचे जुळे कण एकेक करून मोजत होती. क्वांटम भौतिकीतली तिची पीएच.डी. हे कण दूर गेले तरी एकमेकांशी नातं राखतात म्हणे — ते नातं पकडायचं, एवढंच काम. पण यंत्राच्या खरखरीशिवाय अजून हाती काही लागलं नव्हतं, आणि ती थकून गेली होती.

"काय हवंय तुम्हाला?"

"फ्रीज. आमच्या विभागाचा बंद पडलाय. शिपाई तिप्पण्णामामा म्हणले, भौतिकवाल्या मॅडमकडं हाय."

"काय ठेवायचंय?"

"नमुने..."

"कसले?"

"नाव न घेतलेलं बरं, मॅडम."

तिनं डब्यात डोकावून पाहिलं. पिशव्यांमध्ये केसाळ, करडे गोळे. "अय्यो! हे काय?"

"लांडग्याची... विष्ठा." आणि घाईघाईनं — "पण ताजी हाय!"

धनलक्ष्मीला हसू फुटलं. थांबवलं तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते तिला आठवेना. तिनं फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करून दिला.

तो अमृत. मोहोळकडचा, नान्नजच्या माळरानावरच्या लांडग्यांचा अभ्यास करणारा. आता, लांडगे काही रोज उठून एवढे नमुने देत नाहीत, पण अमृत मात्र रोज फ्रीज उघडायला यायला लागला. येताना कधी चहा, कधी कागदात बांधलेली गरम भजी.

"तुमचे ते कण दिसतात का ओ कधी?"

"नाही. त्यांची खूण तेवढी उमटते."

"मग आमच्या लांडग्यासारखंच की."

"तुमचा लांडगा निदान फ्रीजमध्ये तरी सापडतो!"

सोलापुरातल्या विद्यापीठाच्या त्या इमारतीत कुणी सांगोल्याच्या डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा छडा लावत होतं, कुणी दूरच्या ताऱ्यांचे आकडे जुळवत होतं. विषयांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण जिन्यात भेटणारा प्रत्येक चेहरा सारखाच ओढलेला. त्यात या दोघांचं 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्यांनाही कळलं नाही.

धनलक्ष्मीला झोप येत नसे. डोळे मिटले की आकडे नाचायचे. सर म्हणत, "पुन्हा मोजा." अक्कलकोटहून आई म्हणे, "बस झालं गं ते, घरी ये." अमृत मात्र नुसता तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत राहायचा, आणि तिनं पाहिलं की नजर वळवायचा.

एके दिवशी तो म्हणाला, "पिल्लांचा फोटो मिळाला तरच माझ्या प्रकल्पाला मुदतवाढ हाय. न्हायतर दुसऱ्या प्रकल्पावर अरुणाचलात जावं लागंल, दोन वर्षं."

"कॅमेरे लावलेत ना तू?"

"एक मेंढ्यांनी पाडला. दुसऱ्यात नुसत्या मेंढ्याच."

जाऊ नकोस रे — असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि बोलली काय, तर "छान, थंडी असेल तिकडं." एवढी शिकलेली मुलगी, पण वेळेला जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

अहवाल पाठवायच्या आदल्या दुपारी तो परत आला. गळ्यात कॅमेरा होता. "आज शेवटची संध्याकाळ. येतीस?"

तिनं यंत्र बंद केलं. सरांना विचारलंसुद्धा नाही.

माळावर फेब्रुवारीचं मऊ ऊन होतं. वाळल्या गवताची कुसळं ओढणीला चिकटत होती. गाडीवाटेच्या धुळीत अमृतनं तिला लांडग्याचा जुना ठसा दाखवला. मग बोरीच्या झुडपाआड दोघं टेकून बसली. कडक भाकरी, शेंगाचटणी... वर कुठंतरी चंडोल गात होता.

"आता काय करायचं?" ती कुजबुजली.

"काय न्हाय. बसायचं."

काही न करता बसायचं! किती दिवसांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. वारा येत होता, अमृतच्या सदऱ्याला धुळीचा, उन्हाचा वास होता... तिची मान कधी त्याच्या उजव्या खांद्यावर कलली, तिलाच कळलं नाही.

जाग आली तेव्हा सूर्य टेकला होता. अमृत जसाच्या तसा बसलेला.

"आले?" ती दचकून म्हणाली.

"न्हाय. काय बी आलं न्हाय. चल, बस चुकंल."

ती उठली, वाटेवर आली आणि थबकली. मघाशी ती दोघं चालत आली होती, तिथं तिच्या चपलेच्या ठशावर एक इवलासा पंजा उमटला होता. त्याच्या पुढं आणखी एक. शेजारून मोठा.

"अमृत... खोटं बोललास."

त्यानं मान खाली घातली.

"फोटो?"

"कसा काढणार? उजव्या हातावर तू. हललो असतो तर जागी झाली असतीस."

"मग झाले असते जागी! उठवायचंस ना मला!"

"लई दमून झोपली होतीस गं." तो चाचरला. "पिल्लं खेळत व्हती. एकदा तिकडं बघायचो, एकदा तुझ्याकडं... तुला उठवावं असं वाटंना."

तिला रडूच कोसळलं. "अरे वेड्या, तो फोटो मिळाला असता तर तू इथं राहिला असतास! आणि मला... मला तू इथं हवा होतास. रोज. माझा जीव जडलाय तुझ्यावर!"

वाऱ्यानं गवत सळसळलं.

"हे आदी सांगायचं की," अमृत म्हणाला. "हलवून, ओरडून उठवलं असतं तुला." आणि मग, अगदी हळू, "मला बी तू लई आवडतीस, धना. कवाधरनं. पर अहवालात कुटं लिहायचं ते?"

ती रडता रडता हसली. फोटो गेला तो गेलाच. त्याला जावं लागणार होतं, हे दोघांनाही कळत होतं.

"जा," डोळे पुसत ती म्हणाली. "पण परत सोलापुरातच यायचं."

"तू असशील हितं?"

"माझे कण सापडेपर्यंत मी कुठं जातेय?"

सॅक उचलायला तो उजवा हात पुढं करायला गेला, पण हात लुळा लोंबत राहिला. मुंग्या येऊन येऊन पार बधिर झालेला. धनलक्ष्मीनं सॅक आपल्या खांद्यावर टाकली आणि तो हात दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट दाबू लागली.

"कळतंय का काही?"

"न्हाय अजून," अमृत म्हणाला. "सोडू नगंस."