कासवाच्या पाठीवरचा नेम

"अहो... अहो, तो हात आमचा!"

मिनोरीचा उगारलेला हात हवेतच थांबला. कड्यातल्या देवळाचा लाल कठडा, खाली फेसाळणारा समुद्र, समुद्रात कासवासारखा पसरलेला खडक. त्याच्या पाठीवरच्या खळग्याभोवती जाड दोराचं रिंगण. रिंगणात मातीची गोळी पडली की मागणं पुरं होतं. बायकांनी उजव्या हाताने फेकायची, पुरुषांनी डाव्या. हे अख्ख्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मिनोरीलाही होतं. पण ती जन्माची डावखुरी, आणि आज डोकंही ठिकाणावर नव्हतं.

"डाव्याने फेकली असती तर देवाने तुम्हाला पुरुष समजलं असतं," शेजारी उभा असलेला तरुण म्हणाला. "मग माझी पंचाईत झाली असती."

"तुमची कसली पंचाईत?"

"काही नाही... फेका तुम्ही."

तिने गोळी उजव्या हातात घेतली आणि फेकली. गोळी कासवाच्या आसपाससुद्धा गेली नाही. दुसरी तर कठड्यालाच आपटली. उरलेल्या तिन्हीही पाण्यात गेल्या.

तो हसला. मिनोरीला राग आला.

"हसता काय? तुमच्या चारही पाण्यात गेल्या, बघितल्या मी."

"डावा हात आहे हो! जेवताना भाताची वाटी धरणं, याखेरीज त्याला कधी कामच दिलं नाही."

एरवी तिला हसू आलं असतं. आज डोळे भरून आले, आणि अनोळखी माणसासमोर भरून आले याची लाजही वाटली. तिची थोरली बहीण, कानाएताई, कालपासून बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. बाळ काही केल्या येत नव्हतं. डॉक्टरांचे चेहरे उतरले होते. "इथे येरझारा घालून माझा जीव खाऊ नकोस," आई तिच्यावर खेकसली होती, "जा, कासवावर एक गोळी टाकून ये." आणि आता मिनोरीच्या पाचही गोळ्या संपल्या होत्या. गोळ्या विकणारी खिडकी पुजारीबुवांनी जेवणासाठी नुकतीच बंद केली होती.

तिने हे सगळं त्याला एका दमात सांगून टाकलं. का सांगितलं, तिचं तिलाच कळलं नाही.

त्याने मूठ उघडली. एक गोळी उरली होती.

"ही ताईंसाठी."

"छे! तुम्ही पण काहीतरी मागायलाच आला असाल ना?"

"ओसाकाच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी म्हणून अर्ज केलाय. परवा कळेल. दोन वर्षं मागे लागलोय त्यांच्या."

"मग स्वतःसाठी फेका!"

"ओसाका कुठे पळून जात नाही. बाळ मात्र थांबायचं नाही." त्याने गोळी डाव्या हातात घेतली. "पण नेम तुम्ही शिकवायचा. डाव्या हाताचं तुम्हालाच ठाऊक."

मिनोरीने डोळे पुसले आणि त्याचं मनगट धरलं. बोटांना आल्याचा आणि तळणाचा बारीकसा वास येत होता.

"खांदा आवळू नका. मनगट सैल... आणखी सैल. आता श्वास सोडा."

तो तसाच.

"श्वास सोडा म्हटलं ना!"

"सोडतो हो... पण आधी तुम्ही मनगट सोडा."

मिनोरीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्याच क्षणी त्याने गोळी फेकली. ती दोरावर आपटली, उडाली... आणि टुपकन खळग्यात पडली. पलीकडच्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

ती हसते न हसते तोच फोन वाजला. पलीकडे भाऊजी नुसतेच हुंदके देत होते. मिनोरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने त्या तरुणाची बाही घट्ट पकडली.

"भाऊजी, बोला ना! ताई कशी आहे?"

भाऊजींच्या मागून एक चिरका, संतापलेला, कोवळा टाहो ऐकू आला, आणि पाठोपाठ ताईचा थकलेला आवाज, "अहो, रडताय काय, तिला सांगा की मुलगी झाली!"

मिनोरीचा जीव भांड्यात पडला. ती रडली, हसली, त्या तरुणाला वाकून वाकून धन्यवाद म्हणाली, आणि वर बसचा भोंगा ऐकू येताच पायऱ्यांवरून धावत सुटली. बसचं दार लागलं तेव्हा तिला आठवलं... नाव विचारायचं राहिलं!

पुढचा महिना तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. भाचीच्या गालाला बोट लावलं की तिला ती गोळी आठवायची. त्याला ओसाका मिळालं नसेल तर ते आपणच हिरावून घेतलं. आणि मिळालं असेल तर... तर तो गेला. देवाकडे नेमकं काय मागावं, हेच तिला कळेना.

महिन्याने बाळाला पहिल्यांदा देवाच्या पायावर घालायला सगळे त्याच देवळात आले. ताईच्या सासूबाई बाळाला झगझगीत किमोनोत घेऊन गुहेतल्या गाभाऱ्याकडे वळल्या, तशी मिनोरी हळूच मागे राहिली आणि कठड्यापाशी आली.

"या, डावखुऱ्या बाई!"

तो तिथेच होता.

"ओसाका?" तिने नमस्कारही केला नाही.

"नाही झालं."

तिचा चेहरा पडला. "माझ्यामुळे. ती गोळी तुमची होती..."

"अहो, ऐका तरी! नकार आला, तर आईने घाबरत घाबरत ताट वाढलं. मी तीन वाट्या भात खाल्ला. तिसऱ्या वाटीला कळलं, मला सुटल्यासारखं वाटतंय. गेलो असतो तर दर रविवारी इथे कसा आलो असतो?"

"दर रविवारी?"

"मागणं पुरं झालं की देवाचे आभार मानायला परत यावंच लागतं. तुम्ही येणार हे नक्की होतं. कुठल्या रविवारी, एवढंच देवाने सांगितलं नव्हतं."

महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलावा, तसं तिला झालं. ती कठड्याला धरून हसतच सुटली.

"तुम्हाला ओसाका मिळू दे, असं मी रोज मागायचे. आणि लगेच म्हणायचे, नको मिळू दे. देव वैतागला असेल."

"दुसरं कशासाठी मागायचात?"

"...तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण ऐकायचंय."

"तुम्ही मला आवडता म्हणून! झालं? आता नाव तरी सांगा!"

"शुनपेई हिदाका," तो म्हणाला, आणि आता त्याचे कान लाल झाले. "तुम्ही मला त्या दिवशीच आवडलात. मनगट धरलंत तेव्हाच."

"मिनोरी," ती म्हणाली. "नुसतं मिनोरी म्हटलं तरी चालेल."

त्याने खिशातून दोन गोळ्या काढल्या. दोघं कठड्याशी उभे राहिले, तो तिच्या डावीकडे. तिने उजव्या हातात गोळी घेतली, त्याने डाव्या. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचा चांगला हात आणि त्याचा चांगला हात, दोन्ही मधे अगदी शेजारी शेजारी मोकळेच होते.

त्याने आपला हात थोडा पुढे केला. तिने तो धरला.

"एक... दोन..."

"दोन्ही पाण्यात!" पलीकडून एक म्हातारी हळहळली.

"पडू दे, आजी," मिनोरी म्हणाली. तिने तिकडे पाहिलंही नाही.