गेजची काच

सुट्टीच्या दिवशी सगळं रंगखातं रिकामं असायचं, तेव्हा महादेवप्पा बिराजदार एकटाच येऊन बॉयलरच्या गेजची काच धुवायला बसायचा. काच म्हणजे एक साधी नळी. हातभर लांब, करंगळीएवढी जाड, दोन्ही तोंडं उघडी. ती बॉयलरच्या अंगावर उभी बसवलेली असते आणि बॉयलरच्या पोटात पाणी कुठवर आहे ते तिच्यात दिसतं. पाणी आटलं आणि खाली भट्टी तशीच धगधगत राहिली, तर लोखंड लाल होतं. त्या लाल लोखंडावर गार पाणी पडलं, की मग कारखान्याच्या भिंती शोधाव्या लागतात. त्यामुळे ती नळी साफ ठेवणं महादेवप्पाच्या लेखी डोळ्यांतली चिपडं काढण्यासारखं होतं. त्यात त्याला कंटाळा नव्हता आणि कौतुकही नव्हतं.

कारखाना साखर पेठेत. चादरीवाल्यांसाठी सुताच्या लडी रंगवून द्यायचा. मालक शेट तेलुगू. बॉयलर सांभाळणारा महादेवप्पा अक्कलकोटकडचा, घरी बायकोशी, दाक्षायणीशी, कानडीत बोलणारा. भट्टीत कोळसा ओढणारा येडू टेंभुर्णीचा. बॉयलरखोलीच्या भिंतीपलीकडे उकळत्या हौदांशी बाया-माणसं दिवसभर लडी बुचकळत उभी असायची. त्यांच्या बोलण्याचा, हसण्याचा, भांडणाचा आवाज भिंतीतून यायचा. महादेवप्पाला तो आवाज लागायचा. तो थांबला की त्याला चुकल्यासारखं व्हायचं.

बहात्तरच्या दुष्काळात महापालिकेच्या नळाला पाणी येईना. शेटनं शोधाशोध करून मंगळवेढ्याच्या रस्त्यावरची एक विहीर गाठली. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी खडखडीत असताना हिला पाणी होतं. टँकर रोज खेप करू लागला आणि हौद पुन्हा उकळू लागले.

त्या पाण्याचा पहिला आठवडा संपला आणि महादेवप्पानं काच उतरवली, तेव्हा आत डाग होता.

डागाचं नवल नव्हतं. सोलापूरचं पाणी जडच. क्षाराचा पांढरा थर नेहमी बसायचा आणि चिंचेच्या कोळानं निघायचा. हा डाग मात्र पिवळट तपकिरी होता आणि बोट लावलं तर किंचित चिकट. चिंचेनं तो हलला नाही. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात नळी बुडवून ठेवली, तरी नाही. जाडं मीठ आणि लिंबू आत घालून दोन्ही तोंडं दाबून खळखळून पाहिलं, तारेला चिंधी बांधून घासलं, तेव्हा चिंधी काळी झाली आणि डाग तसाच राहिला. शेवटी रंगखात्यातलं तेजाब पातळ करून आत ओतलं. उग्र वास सुटला, डोळ्यांतून पाणी आलं. मग डाग सुटला तो एकदम, साल निघावी तसा.

"लई कटाळवाणं काम हाय हे, अप्पा," दाराशी उभा असलेला येडू म्हणाला. तो सुट्टी असूनही आला होता. खोलीवर पाणी नव्हतं, इथं अंघोळ व्हायची.

दुसऱ्या दिवशी वाफ चढली आणि संध्याकाळी पाहतात तो डाग परत होता. त्याच जागी.

या वेळी येडूनं तो नीट पाहिला. मग म्हणाला, "अप्पा, ही बोटं हायती की."

"कसली बोटं?"

"ही बगा. चार ह्या अंगाला, एकाखाली एक. अन् ह्यो आंगठा त्या अंगाला. दोर धरल्यावानी."

महादेवप्पानं चष्मा पुसून पाहिलं. चार आडवे पट्टे आणि त्यांच्या समोरच्या बाजूला एक लांबट ठसा. "आपणच काच धरतो तिथं," तो म्हणाला. "हाताचं तेल लागतं. तापली की डाग उमटतो."

"आपण भायेरनं धरतो. डाग तर आतनं हाय."

महादेवप्पानं नळी उतरवली, थंड झाल्यावर हातात घेऊन ती डागांवरच मुठीत धरली. त्याची बोटं प्रत्येक पट्ट्यावर बसली आणि थोडी थोडी बाहेर उरली. ज्याचा डाग पडला होता, तो हात त्याच्या हातापेक्षा लहान होता. त्यानं नळी खाली ठेवली.

त्यानं कपाटातून नवी काच काढली. फडक्यानं धरून, उघडा हात न लावता ती बसवली. आत-बाहेर कोरी करकरीत. दोन दिवसांत तिच्यावरही पाची ठसे उमटले. फक्त आधीपेक्षा थोडे वर.

तो शेटकडे गेला. "पाणी चांगलं नाही, शेट. काचेत असं बसतंय, तर बॉयलरच्या पोटात काय बसत असेल? एकदा बंद करून साफ करू या."

"महादेवप्पा, सणाचा माल हाय," शेट म्हणाला. "बंद केला तर ह्या बायका घरी काय खातात? दिवाळीनंतर करू की."

बायकांची गोष्ट खरी होती. महादेवप्पा भट्टीकडं परतला. पण दुसऱ्या दिवशी पाणी कुठनं येतं ते तरी बघू, म्हणून टँकरच्या ड्रायव्हरशेजारी बसून विहिरीवर गेला.

विहीर चांगली बांधलेली, रुंद होती. पाणी खोल गेलेलं, काळंभोर, हलत नसलेलं. उन्हाचा कडाका असूनही कठड्याशी गारवा होता. महादेवप्पा वाकून पाहू लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की दगडांवर पाण्याच्या खुणा नाहीत. पाणी उतरत जातं तशा विहिरीत रेघा राहतात, शेवाळ वाळून चिकटतं. इथले दगड कठड्यापासून पाण्यापर्यंत स्वच्छ होते. घासून ठेवलेल्या भांड्यासारखे.

विहिरीची मालकीण गोजरबाई झाडाखाली जोंधळा निवडत बसली होती. म्हातारी, पण ताठ.

"आत उतरून धुता काय हो, बाई?" त्यानं विचारलं.

"न्हाय बा. कोन उतरतंय?"

"मग रहाट-दोर कुठं दिसत नाही. तुम्ही पाणी कसं काढता?"

"आमी ह्याचं पानी काढत न्हाय. आमी वड्याच्या झिऱ्यावरनं आनतो." तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "दोर लावला की ऱ्हात न्हाय."

"तुटतो?"

"तुटत न्हाय. वढून नेल्यावानी जातो." मग तिनंच विचारलं, "तुमी ह्ये पानी कशाला नेता?"

"वाफ करायला. बॉयलरात उकळतो."

"उकळता व्हय," ती म्हणाली. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं. त्याच्याकडे बघत राहिली. पंपाचा आवाज चालू होता, टँकर भरत होता.

परत येताना महादेवप्पानं ठरवलं, की असल्या गोष्टी डोक्यात घ्यायच्या नाहीत. विहिरीतली माती तसली असेल. दगड तसला असेल. पण घरी दाक्षायणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा त्यानं आधी आत वाकून पाहिलं आणि तिनं "एनु?" म्हणून, म्हणजे काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा नुसती मान हलवली.

दिवाळीच्या आधीची शेवटची गडबड होती. दुपार. भिंतीपलीकडे कुणीतरी ओव्या म्हणत होतं आणि बाकीच्या हसत होत्या. येडू कोळसा ओढत होता. महादेवप्पा नेहमीच्या स्टुलावर बसून काचेकडे पाहत होता. पाणी निम्म्यावर होतं. जसं पाहिजे तसं.

पाची ठसे काचेच्या वरच्या टोकाशी होते.

तो पाहत असतानाच ते हलले.

करंगळीचा पट्टा आधी सुटला. मग सगळेच एका दमात बोटभर खाली घसरले आणि थांबले. मागं काचेवर ओघळ राहिले. निसटत्या दोरावर हात घसरावा, पुन्हा घट्ट व्हावा, तसं.

महादेवप्पा उठला.

ठसे पुन्हा घसरले. पाण्याच्या रेषेपाशी आले, रेषेच्या खाली गेले. पाणी मात्र जागचं हललं नाही.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. चालत्या बॉयलरचं पाणी काचेत कधी स्थिर नसतं. ते थरथरतं. हे पाणी चित्रातल्यासारखं उभं होतं.

बॉयलरच्या अंगावर पाणी तपासायचे, एकाखाली एक तीन नळ होते; पाणी असेल तिथून पाणी येतं, नसेल तिथून वाफ. त्यानं मधला सोडला. वाफ. खालचा सोडला.

वाफ. कोरडी, फुत्कारणारी.

"अप्पा, पंप सोडू का?" येडूनं पंपाच्या चाकावर हात टाकला.

"हात काढ!" महादेवप्पा ओरडला. "पाणी न्हाई सोडायचं! विस्तव ओढ भायेर! सगळा ओढ!"

दोघांनी सळया घेतल्या. जळते कोळसे फरशीवर येऊन पडले. येडूच्या धोतरानं पेट घेतला, ते त्यानं हातानंच विझवलं. धुरानं काही दिसेना. महादेवप्पा भिंतीवर मुठी आपटत होता. "भायेर जावा! समदे भायेर जावा!"

पलीकडचं हसणं थांबलं. मग पळापळीचा आवाज. मग काहीच नाही.

काच त्याच्या तोंडासमोर होती. ठसे तळाला गेले होते. तिथं थोडा वेळ राहिले आणि सुटले. काच आरपार स्वच्छ झाली.

बॉयलर फुटला नाही.

काचेत पाणी का दिसत राहिलं, त्याचं कारण संध्याकाळीच सापडलं. काचेच्या खालच्या तोंडाशी बॉयलरमधून पाणी येण्याची वाट असते, ती त्या तपकिरी चिकट लगद्यानं गच्च बुजली होती. अडकलेलं पाणी काचेत तसंच उभं राहिलं आणि बॉयलर आटत गेला. शेट ते पाहून खाली बसला. भिंतीपलीकडची सगळी माणसं अंगणात उभी होती. त्यांच्याकडे बघून तो रडायला लागला. टँकर त्यानं त्याच दिवशी बंद केला.

काचेतल्या ठशांचं महादेवप्पानं कुणाला सांगितलं नाही. येडूनंही नाही.

बॉयलर पूर्ण निवू दिला आणि मग त्याचं पोट साफ करण्यासाठी दोघं तो उघडायला बसले. सकाळची वेळ, खोलीत भरपूर उजेड. आत शिरायच्या भोकाचं झाकण लंबगोल, जाड लोखंडी, आतल्या बाजूनं बसवलेलं. वर्षभर ते हललेलं नव्हतं. असलं झाकण लाकडी हातोड्यानं ठोकून आत ढकलावं लागतं, आणि ते आत कोसळू नये म्हणून आधी दोर बांधतात.

महादेवप्पानं शेवटचा नट सैल केला. दोर अजून बांधायचा होता, हातोडा जमिनीवर होता.

झाकण आपणहून आत गेलं.

सावकाश गेलं, ओढून नेल्यासारखं. धाडकन पडेल म्हणून येडूनं कानांवर हात ठेवले, डोळे मिटले. महादेवप्पा भोकाशी कान देऊन वाट पाहत राहिला.

बराच वेळ गेला. येडूनं कानांवरचे हात काढले.

आत झाकण पडल्याचा आवाज झालाच नाही.