लगडीतलं बोरॉन

चंद्रावरच्या सोमतळ वसाहतीत सूर्य कलला होता. पुढे पंधरवड्याची रात्र; ती निभवायला सूर्य मावळण्याआधी बॅटऱ्या भरून घ्यायला हव्या होत्या. जुने सौरफलक थकले होते, म्हणून ते फोडून, वितळवून त्याच सिलिकॉनचे नवे सौरघट घडवायचे होते. भट्टीप्रमुख फरीदा मुकादम यांचे पती इस्माईल शेजारच्या खोलीत श्वसनयंत्रावर होते. यंत्राला वीज हवी होती.

"मागचे घट दुबळे का निघाले ते कळलं," पदार्थवैज्ञानिक डॉ. हेमांगी पेंढारकर म्हणाल्या. "बोरॉन जास्त झालंय."

"चिमूट नेहमीचीच होती, ताई. भट्टी पेटली तेव्हापासून प्रत्येक लगडीला घालतोय."

"ती चंद्राच्या मातीतल्या कोऱ्या सिलिकॉनसाठी ठरली होती. जुन्या फलकांत बोरॉन असतंच, आणि वितळवून ते जात नाही. कालच्या आमटीत आज पुन्हा मीठ घातलंत, भाभी."

"मग बटाटा टाका."

"टाकूया. फॉस्फरस. तो बोरॉनचा गुण मारतो."

शेवटचं सिलिकॉन वितळलं, त्यात फॉस्फरस मिसळला. तळाकडून वर लगड गोठत गेली. तिच्या चकत्या कापून प्रत्येकीवर फॉस्फरसचा पातळ थर चढवला. खाली बोरॉन, वर फॉस्फरस. दोघांच्या सांध्यावर वीज निर्माण होते.

तळाच्या चकतीवर दिवा धरला. मीटरचा काटा झरकन चढला. फरीदा प्रथमच स्टुलावर टेकल्या.

वरच्या चकतीला काटा हललाच नाही. दुसरीलाही नाही.

हेमांगींनी दिवा विझवला. "चुकलं माझं. गोठताना फॉस्फरस मागे राहत नाही, वितळलेल्या सिलिकॉनबरोबर वर सरकतो. वरच्या अर्ध्या लगडीत त्याचंच राज्य आहे. फॉस्फरसवर फॉस्फरस चढवून सांधा होत नाही. तिथे थर बोरॉनचा हवा."

"ते संपलं. मागच्या लगडीत."

सगळी लगड बोरॉनने भरली होती, आणि त्यातलं मोहरीएवढंही बाहेर काढता येत नव्हतं.

"अर्धी वीज," फरीदा म्हणाल्या. "खोल्यांना ऊब, नाहीतर यंत्र. बाकी माणसं अकरा आहेत. मला विचारू नका."

हेमांगींनी भिंतीवरची बटणं एकेक करून बंद केली. एकच चालू ठेवलं. "सगळ्यांच्या गाद्या इस्माईलभाईंच्या खोलीत टाका. एकच खोली गरम करू."

"यंत्राच्या आवाजात कुणाला झोप लागणार नाही."

"नकोच लागायला. तो थांबला तर कळायला हवं."