शरयूच्या जागची सुपारी

हरतालिकेचं जागरण यंदा आमच्याकडे, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला होतं. बेसमेंटमध्ये वाळूची पिंड मांडली होती. कहाणी वाचून झाली, आरती झाली, झिम्मा-फुगड्या खेळून आम्ही बायका भिंतीला टेकलो. अडीच वाजून गेले होते. निर्जळी उपासाला त्या वेळी घसा कोरडा पडतो आणि डोळ्यांवर झापड येते. सलोनीची तर पहिलीच हरतालिका. ती बसल्याबसल्या पेंगायला लागली, तेव्हा तिचा भाऊ आर्य म्हणाला, "श्रीरामकाका, हिला जागं ठेवायचंय. एखादी घोस्ट स्टोरी सांगा ना."

काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. पिंडीपुढच्या विड्याकडे बघत म्हणाले, "भुताची आहे की नाही, माहीत नाही. पण त्या विड्यावरची सुपारी बघून आठवली. माझ्या मित्राच्या घरची, खरी."

"कुमार सबनीस माझ्या कॉलेजातला. आम्ही एकाच वर्षी या देशात आलो, हर्नडनला एकाच ऑफिसात नोकरी केली. त्याची बायको शरयू. मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक असायचे, ते तिच्या हातचे. मॉलमध्ये, देवळात, ट्रेलवर, कुठेही दोघं दिसले की कुमार दहा पावलं पुढे आणि शरयू मागे. दार उघडायचा, स्वतः आत जायचा आणि दार सोडून द्यायचा. ते हिच्या तोंडावर आपटायचं. 'अहो, मी आहे,' ती म्हणायची. चाळीस वर्षं हे एकच वाक्य ऐकलं मी तिच्या तोंडून.

"तिला हौसही एकच होती. डेंटिस्टकडून आलेल्या एका कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पानाला मिनोर्काचा फोटो होता. स्पेनचं बेट, भूमध्य समुद्रातलं. कड्याच्या काठाने जाणारी पायवाट, खाली निळं पाणी, टोकाला पांढरं दीपगृह. वर्षं उलटली, कॅलेंडरं बदलली, ते पान फ्रिजवरच राहिलं. येईल त्याला सांगायची, 'घोडेस्वारांची जुनी वाट आहे ती, अख्ख्या बेटाभोवती फिरते. प्रदक्षिणाच म्हणा की. मला त्या दीपगृहापर्यंत चालत जायचंय.' कुमार म्हणायचा, 'रिटायर झाल्यावर बघू.'

"रिटायर झाला. बुकिंगही केलं. आणि शरयूचं हृदय थकलं. जिना चढला की धाप लागायची. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. ती म्हणाली, 'पुढच्या ऑक्टोबरात जाऊ या.' कुमार म्हणाला, 'दोघांनी घरात बसून काय होणार? मी जाऊन येतो. तुला व्हिडिओ पाठवतो.'"

"शी!" आमच्यातलं कोणीतरी म्हणालं.

"त्याला डलेस एअरपोर्टला सोडायला मीच गेलो होतो. त्यांची मुलगी नीना लॅपटॉप घेऊन जर्सी सिटीहून आईजवळ राहायला आली होती. मी बॅग उचलली, कुमार बूट घालत होता. शरयू भिंतीला धरत धरत देवापासून दारापर्यंत आली आणि त्याच्या हातावर एक सुपारी ठेवली. सुपारीला एका बाजूने खाच होती. अडकित्त्यात धरावी आणि मध्येच कोणी हाक मारावी, तशी.

"'हे काय?' कुमार म्हणाला.

"'मी आहे,' शरयू म्हणाली. 'नीनाच्या वेळी बाळंतपणाला मी माहेरी होते, तेव्हा सत्यनारायणाला माझ्या जागी सुपारीच ठेवली होतीत ना? देवाला चालली. मग समुद्रालाही चालेल.' हसत म्हणाली हो. पण मला तिच्याकडे बघवेना. 'दीपगृहापर्यंत न्या हं. मध्येच कुठे सोडू नका.'

"कुमारने कपाळाला आठ्या घातल्या आणि सुपारी पँटच्या खिशात टाकली."

सलोनीची झोप उडाली होती. "वेट. बायकोच्या जागी सुपारी? सिरियसली?"

"पूजेला जोडीने बसायचं असतं," मी तिला सांगितलं. "बायको हजर नसली तर शेजारी सुपारी ठेवतात. ती बसली असं मानायचं."

"आणि नवरा हजर नसला तर?"

"त्याची सोय मी तरी ऐकली नाही," काका म्हणाले. "म्हणून तर तुम्ही उपाशी बसलाय."

बायका हसल्या. काका मात्र हसले नाहीत.

"तर कुमार तिथे पोचला. पहिल्या दिवशी सकाळी नऊला चालायला निघाला. तिथे सकाळचे नऊ, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे तीन. पांढरी, चुनखडीची वाट. दोन्ही बाजूंना दगड रचून केलेले बांध, पाइनची झाडं. आणि वाटेत बांध आला की त्याला रानटी ऑलिव्हच्या लाकडाचं फाटक. दुपारी हॉटेलवर येऊन त्याने घरी फोन लावला. सांगायला तोंड उघडलं, तर शरयूच म्हणाली, 'काय सुंदर फाटकं होती हो! एक लाकूड सरळ नाही, तरी कशी घट्ट बसवलेली.'

"कुमारला वाटलं, इंटरनेटवर पाहिलं असेल.

"'दुसऱ्या फाटकाशी ती गाय आडवी बसली होती ना, तिला नमस्कार केला मी,' शरयू म्हणाली. 'आणि अहो, फाटक जरा धरायचं होतं. माझ्या हातावर आपटलं.'

"गाय खरंच होती. फाटकही त्याने सोडलं होतं. सवयीने."

बेसमेंटमध्ये समईची वात तडतडली.

"रोज तेच. तो फोन करायचा आणि ती त्याला सांगायची. कुठे घसरडं होतं, कुठे पाइनचा वास आला, कोणत्या वळणावर समुद्र एकदम समोर आला. आवाज असा की लग्नाआधीची मुलगी बोलतेय. एकदा म्हणाली, 'चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्या मागे नाही.'

"आणि इकडे नीना घाबरली होती. पहिल्याच रात्री आईच्या खोलीतून तिला आवाज आला. कापड घासल्यासारखा. दार ढकलून बघितलं. आई गाढ झोपलेली. आणि दुलईखाली पाय हलत होते. एक पुढे. मग दुसरा. सावकाश, चढ चढतात तसे. दम लागलेला, पण चेहरा शांत. नीनाने हाक मारली, हलवलं. जाग येईना. तिकडे बाप हॉटेलवर पोचला, तेव्हा इकडे आईने डोळे उघडले.

"नीनाने दुलई काढली. तळपायांना पांढरी धूळ. उजव्या हाताच्या पाठीवर काळानिळा वळ.

"तिने बापाला फोन केला. 'बाबा, प्लीज, चालणं बंद करा. आईला काहीतरी होतंय.' तर तो म्हणाला, 'आयुष्यात एक ट्रिप तरी मला नीट करू द्याल का तुम्ही दोघी?' नीना रडायला लागली. तर शरयूच म्हणाली, 'अगं, थांबवू नकोस त्यांना. दीपगृह यायचंय अजून. मला तेवढं बघू दे.'

"कुमार असं बोलला, पण आतून तोही घाबरला होता. हे त्याने मला नंतर सांगितलं. चालताना त्याच्या शेजारी खडी वाजायची. तो थांबला की थांबायची. पण लगेच नाही. एक पाऊल जास्त वाजून."

"काका..." सलोनी म्हणाली.

"गेल्या वर्षीची कोजागिरी. बुधवारची रात्र. नीनाने आईसाठी मसाला दूध केलं, खिडकीत नेऊन चंद्र दाखवला. शरयूने दोन घोट घेतले. म्हणाली, 'उद्या शेवटचा टप्पा. मला उठवू नकोस हं.' नीना तिथेच खुर्चीवर बसून राहिली. बाहेर लख्ख चांदणं, आणि लांबून डेटा सेंटरची घरघर.

"तीन वाजले. पाय हलायला लागले.

"तिकडे ऊन होतं. कुमार कड्यावरून चालला होता. उजवीकडे बांध, डावीकडे खाली समुद्र. समोर दीपगृह. अगदी समोर. शेवटचं फाटक आलं. त्याने ढकललं, पलीकडे गेला आणि सोडून दिलं.

"फाटक आपटलं नाही.

"तो थांबला. वाट बघितली. आता आपटेल. मग वळून पाहिलं.

"फाटक अर्ध्यावर थांबलेलं. वारा नव्हता. कोणीतरी धरावं तसं... मग हळूच मिटलं. कडी लागली.

"आणि खांद्याशी आवाज आला. 'अहो, मी आहे.'

"दीपगृह समोर होतं रे. हाकेच्या अंतरावर. ज्याच्यासाठी ती बिचारी..."

काका थांबले. त्यांना कोणीतरी पाणी दिलं. त्यांनी ते हातातच धरून ठेवलं.

"त्याने खिशात हात घातला. सुपारी काढली. आणि कड्यावरून खाली... समुद्रात... फेकली."

मी समईची वात पुढे सारली.

"इकडे पाय थांबले. नीना उठून उभी राहिली. आईचे दोन्ही पाय पोटाशी आले. उजवा हात वर गेला. काहीतरी धरायला. मूठ मिटली. ओठ हलले.

"आवाज आला नाही.

"नीनाने दुलईला हात लावला. ओली. उशी ओली. केस ओले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, घाम आला असेल. असेल. पण नीना म्हणते, खोलीत समुद्राचा वास होता. 'अ‍ॅशबर्नमध्ये, काका, समुद्राचा वास.'

"कुमारला आणायला डलेसला मी आणि नीना गेलो. तो फोनवर तिला सांगून बसला होता, 'सुपारी दीपगृहात ठेवून आलो. आईची इच्छा पूर्ण केली.' बाहेर आला, रडत होता. त्याने हात पुढे केले. नीनाने त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. मी शेजारीच होतो. सुपारी होती. ओली. एका बाजूने खाच.

"ती म्हणाली, 'हे आईच्या मुठीत होतं. मूठ उघडायला वेळ लागला, बाबा.'

"त्यानंतर ती बापाशी बोललेली नाही."

आर्य पुढे सरकला. "मग त्यांनी परत जाऊन दीपगृहात ठेवायची ना ती. अजूनही नेता येईल की."

"मी म्हटलं त्याला. तर म्हणाला, 'आता ती माझ्या खिशात येईल का रे?' देवापुढे ताम्हनात ठेवलीय त्याने. मी कितीदा पाहिलीय. वाळत नाही. रोज सकाळी पुसतो, रोज ओली. बोलतो तिच्याशी. 'बस इथे,' म्हणतो. 'मी आहे,' म्हणतो. आता म्हणतो."

काकांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"आज दुपारी फोन आला त्याचा. 'श्रीराम, ताम्हनात सुपारी नाहीये.' गेलो. सगळं घर उलटंपालटं केलं होतं त्याने. ताम्हन कोरडं. मध्ये मिठाचं पांढरं वर्तुळ, सुपारीएवढं. मला विचारत राहिला, 'गेली कुठे? कोणाबरोबर गेली?' मला माहीत होतं ते मी त्याला सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी नीना जर्सी सिटीहून निघून विमानात बसली. एकटी. मिनोर्काला. सुपारी न्यायला ती काही व्हर्जिनियात आली नव्हती. बाबांना कळवू नका, एवढंच मला म्हणाली."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. तीन वाजून गेले होते.

"तिकडे नऊ वाजले," काका हळू आवाजात म्हणाले. "निघाली असेल."

आम्ही बसून राहिलो. मग काकांच्या खिशात फोन थरथरला. सलोनी दचकून माझ्या अंगावर आली. काकांनी चष्मा लावला, बघितलं, आणि फोन आमच्याकडे दिला.

फोटो होता. मागे वाकड्यातिकड्या लाकडांचं फाटक, उघडं. नीनाने ते पाठीने अडवून धरलं होतं. एक तळहात पुढे केलेला, त्यावर सुपारी. खाली लिहिलं होतं, 'काका, जॅकेटच्या खिशात होती. मी फाटक धरलंय.'

सलोनीने बोटांनी फोटो मोठा केला. खाच दिसली. तिने आणखी मोठा केला.

"कोरडी आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझे हात आपोआप पिंडीकडे जोडले गेले.

"कुमारकाकांना सांगणार तुम्ही?" आर्यने विचारलं.

"सकाळी बघू," काका म्हणाले. "आत्ता जागाच असेल. ताम्हन पुसत बसला असेल. दुपारी माझ्यासमोर पुसलं त्याने, चिंचेने घासलं, धुतलं, फडक्याने कोरडं केलं. देवापुढे ठेवलं..."

त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"मीठ परत आलं."