उद्या कुठली इमारत?

पहिल्याच भेटीत तिनं त्याच्या दाराखालची पाचर लाथेनं उडवली. दार सुटलं, आणि दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन येणारा तो नेमका त्यावर आदळला.

"अहो, बघून तरी…"

"तुम्हीच बघा. आगीचा दरवाजा आहे हा. जिन्यात धूर शिरू नये म्हणून आपोआप मिटायला हवा. पाचर लावून उघडा टाकायला काय कोंबड्यांचं खुराडं आहे?"

त्याच्या शर्टावरून चहा निथळत होता. तरी गडी हसला. "हा एक कप वाचलाय. घ्या… नाहीतर यालाही नापास कराल."

तिनं घेतला. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली, असं तिचे सहकारी म्हणतात. ती अजून मानत नाही.

ती आगीचे दरवाजे तपासायची. मागून तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणत. तो एकाच मालकाच्या तीन इमारतींची देखभाल बघायचा. कचेरी, गोदाम, मुलींचं वसतिगृह. मालक त्याचे सख्खे काका. कुठली इमारत कधी तपासायची, हे मात्र मोजपट्टी ठरवायची.

रोज संध्याकाळी तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला येऊ लागला.

"उद्या कुठली इमारत?"

"तुम्हाला कशाला नसत्या चौकशा?"

"चहा कुठं आणायचा ते कळायला नको?"

आणि ती सांगायची! दाराखाली बोटभर फट दिसली तर शेरा मारणारी बाई. स्वतःच्या मनाला पाचर कधी लागली, तिला पत्ता नाही.

दरवाजा ओढून मिटवणारा लोखंडी हात, म्हणजे क्लोजर, नीट चालला की ती त्यावर नखाच्या लाल रंगाचा ठिपका द्यायची.

"मलाही द्या की एक," तो म्हणाला.

"तुम्ही आपोआप मिटता कुठं? तोंड सदा उघडं."

कचेरी पास झाली. मग गोदाम. पहिल्याच दारापाशी ती स्टुलावर चढली, वर बघितलं… आणि तशीच थांबली. क्लोजरवर तिचाच लाल ठिपका होता. या गोदामात तिनं याआधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

हिशेब लागायला वेळ लागला नाही. चांगले क्लोजर मोजकेच. ती जाईल तिथं ते आदल्या रात्री जाऊन बसत. त्यांना वाट कोण दाखवत होतं?

थांब्यावर तिनं त्याला गाठलं. "उद्या कुठली इमारत, म्हणजे सामान कुठं हलवायचं! हो ना?"

"काकांनी सांगितलं होतं. पहिल्यांदा त्यासाठीच विचारलं. नंतर…"

"नंतरही विचारलंतच!"

"नंतर कारणं दोन झाली."

"मग पहिलं काढून टाका, आणि दुसरं उरतं का बघा. आणि ठिपका पुसायची अक्कल नव्हती?"

"अक्कल होती हो… हात धजावला नाही."

पण ती मोजपट्टी होती. "कचेरीचं पास रद्द. उद्या तिन्ही इमारती, एकाच वेळी. मी वसतिगृहात, माझी दोन माणसं बाकीच्या दोन ठिकाणी. खुशाल सांगा काकांना. बघू कुठंकुठं पळवता!"

तिच्या साहेबांनी फोन केला. "मोठं गिऱ्हाईक आहे, जरा सांभाळून घ्या."

"साहेब, आग घेते का सांभाळून?" म्हणाली नि फोन ठेवला.

सकाळी वसतिगृहाच्या जिन्यात ती दारं उघडून सोडत गेली. खट्. खट्. एकूण एक मिटलं. वर बघावं तर क्लोजर, कितीतरींवर लाल ठिपका. ती चक्रावली. तेवढ्यात कचेरीतल्या सहकाऱ्याचा फोन. "मॅडम, गोदामात एकाही दाराला क्लोजर नाही, आणि इथंही नाही. आणि मालक पुतण्याला फाडून खातायत!"

ती धावतच कचेरीत पोचली.

"कचेरीला लाव म्हटलं होतं ना, घरभेद्या!" काका गरजत होते.

"काका, रात्री मुली कचेरीत झोपत नाहीत."

"चालता हो!"

तो पिशवी उचलून निघाला. काका लगेच साखरेत घोळून म्हणाले, "बाई, थोडी मुदत द्या ना."

"नवे बसवा. वसतिगृहातल्याला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे. आणि बोलावणं पाठवू नका. मी येईनच." तिनं दोन्हीकडं नापास ठोकलं.

फाटकाशी तो उभा होता.

"नोकरी गेली, काका गेले. आता तुमच्या वेळापत्रकाचा मला काडीचा उपयोग नाही."

"हं."

"तरी विचारतो… उद्या कुठली इमारत?"

चौकट बघावी तसं तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पर्समधून बाटली काढली, त्याचा अंगठा धरला आणि नखावर लाल ठिपका दिला.

"उद्या माझं घर. आईबाबांना सांगितलेलं नाही. आगाऊ सूचना आता मी कुणालाच देत नाही."

"आणि त्यांनी मला नापास केलं तर?"

"करू देत," ती अंगठा न सोडता म्हणाली. "शेवटची सही माझी असते. ये तू."