नववी चिठ्ठी

"उपचार यशस्वी. स्मृती व आकलनशक्ती पूर्ववत. कामावर रुजू होण्यास हरकत नाही." रुग्णालयाने शिक्क्यानिशी असे प्रमाणित केले होते. पूर्ववत म्हणजे नेमकी कशासारखी, याचा खुलासा नव्हता. कर्करोगापूर्वीची तिची स्मृती कुणी मोजलीच नव्हती. परीक्षा म्हणाल, तर तिला आजची तारीख विचारली गेली आणि डॉक्टरांच्या डोक्यामागे दिनदर्शिका टांगलेली होती. तिने ती वाचून दाखवली. ती उत्तीर्ण झाली.

त्या कागदाच्या बळावर ती अभिलेखागारात, जुन्या दस्तऐवजांच्या सूची करण्याच्या कामावर परतली. आठवड्याभरात एकच पेटी दोनदा नोंदवली गेली. आणखी एक चूक झाल्यास तिने घरीच विश्रांती घ्यावी, असे साहेबांनी अत्यंत सौजन्याने सुचवले. थोरल्या बहिणीने डब्यात आठवणीची चिठ्ठी घातली, ती तिने सगळ्यांदेखत टराटरा फाडली. यापुढे विश्वास फक्त स्वतःच्या हस्ताक्षरावर, असेही जाहीर केले.

त्याच दुपारी ती जिन्यात थबकली. वर जायचे होते, की खाली...?

"वर," उतरणारा एक जण म्हणाला. त्याच्या बोटांना खळीचा वास होता.

"आपण आधी भेटलोय का?"

"आज? अजून नाही."

कित्येक महिन्यांनी तिला हसू फुटले. तो तिथला डागडुजीवाला. कसर लागलेल्या पानांना पातळ कागद डकवायचा आणि उडालेली अक्षरे मूळ लेखकाच्याच वळणात भरायची, हे त्याचे काम.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या खणात चिठ्ठ्या सापडू लागल्या. 'सतरावी पेटी झाली. पुन्हा उघडू नकोस.' 'चष्मा खिडकीत आहे.' अक्षर तिचे, शाई तिची, 'ड'चे फुगलेले पोटही तिचेच. लिहिल्याचे आठवत नव्हते; पण न आठवणे हा आता पुरावा उरला नव्हता. प्रत्येक चिठ्ठी खरी ठरे. जणू तिच्या आत आणखी कुणी राहायला आली होती, तिच्याहून हुशार, आणि तिचे आयुष्य परस्पर सांभाळत होती. आरशासमोर ती नजर चुकवू लागली. मग एके दिवशी सापडले: 'तो तुला आवडतो. सांगू नकोस.' तिने खण घाईने बंद केला. त्या दुसरीला हे आधी कळले होते...

जिन्यातल्या भेटी मात्र चालूच होत्या.

"काल काय बोललो आपण?"

"तुम्ही माझ्या शर्टाला नावं ठेवलीत."

"मग आज पुन्हा तोच?"

"आज पुन्हा ठेवाल, म्हणून."

एका सकाळी चिठ्ठी उन्हात धरली, तर कोपऱ्यातून उजेडाचा ठिपका आला. अभिलेखागाराचा नियम तिला पाठ होता: नव्याने भरलेल्या अक्षरांजवळ सुईचे भोक पाडावे, म्हणजे पुढचा वाचक फसणार नाही. आठ चिठ्ठ्यांना भोक होते. नवव्या चिठ्ठीला, 'तो तुला आवडतो' म्हणणारीला, नव्हते.

तिने नऊही त्याच्या टेबलावर मांडल्या आणि थंडपणे विचारले, भोक पाडले की फसवणूक प्रामाणिक होते काय. तो नाही म्हणाला. तिने कागद ओढला. सावकाश बोला, म्हणाली, उद्या मला हे आठवणार नाही. त्याची जबानी शब्दशः अशी:

"आठ मी लिहिल्या. दुसऱ्या अक्षरातली मदत तुम्ही फाडता, म्हणून तुमचं अक्षर चोरलं. तुम्ही घाबरताय हे दिसत होतं, तरी थांबलो नाही. नोकरी जाईल तुमची, असं स्वतःला समजावत राहिलो. नववी माझी नाही. आठवी ठेवायला खण उघडला तेव्हा ती आत होती, शाई ओली. मी वाचली. मी तुम्हाला आठवावा म्हणून रोज जिन्यात रेंगाळलो. आठवू नये असंही वाटायचं, कारण मग हे सांगावं लागलं असतं. मलाही तुम्ही आवडता. एकदा तुमच्या अक्षरात 'तो चांगला माणूस आहे' एवढं लिहिलं, आणि फाडलं. ते खरं आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं."