चतुराबाईनं घेतलेली चाचणी

जऊळक्याच्या त्या घरात सोयाबीन कधी न्यायचं, कोणाला द्यायचं, हे चतुराबाई ठरवायची. यंदा बाजारात माल न्यायचा नंबर म्हणे वेबसाइटवर लावायचा. लेक पंजाबराव म्हणाला, "माय, तुले जमलं त व्यवहार तुह्याकडं. नाही त आता सुनेच्या हाती दे."

म्हणून नागपूरच्या कंपनीतली निता लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा चतुराबाईनं सुनेला मागं सारून स्वतः खुर्ची धरली. कंपनीनं बनवलेली साइट साध्या माणसाला वापरता येते का, ते निताला पाहायचं होतं.

"आजी, मनात येईल ते मोठ्यानं बोला. मी मात्र मदत करणार नाही. तसा नियम आहे."

"बोलू? पाय बरं, पस्तावशीन."

दुसरीपर्यंत शिकलेली चतुराबाई पडद्यावर वाकली. "हे अक्षरं व्हय का राई सांडली? मुंग्यायले वाचाले देता काय?"

अक्षरं मोठी झाली.

निताला वाटलं, ऑफिसातून कोणी बदल करतंय. पण नेट बंद होतं. साइट नुसती लॅपटॉपवरच चालत होती; बाहेरून तिला हात लावणं शक्य नव्हतं.

"अन् पुढं जायाचं बटन कुठी? नव्या नवरीवानी कोपऱ्यात काहून लपून राह्यलं? निघ भाईर!"

बटन सावकाश सरकत मधोमध आलं आणि थांबलं. नितानं पुन्हा नेट तपासलं; बंदच होतं. चतुराबाई खूश.

"पायलं? कसं गुमान आयकते! या घरात एवढं कोणी आयकत नाही."

मग पडद्यानं विचारलं : सातबारा कोणाच्या नावावर?

चतुराबाई खुर्चीत मागं सरकली. जमीन अजून मालकाच्याच, तिच्या नवऱ्याच्याच नावावर होती. ते जाऊन कितीक पोळे झाले, पण त्यांचं नाव तिनं कधी जिभेवर घेतलं नव्हतं.

"पोरी, तू लिही."

नितानं मान हलवली. नियम.

दारातून सून म्हणाली, "द्या मंग माह्याजवळ, आत्याबाई."

"चूप राय!" चतुराबाई पडद्याकडं वळली. "तुले मालूम हाय ना? मंग लिही. माह्या तोंडातून कायले वदवतं?"

लॅपटॉपच्या एकाही बटनाला कोणाचा हात लागला नाही.

एकेक अक्षर उमटलं. पुंजाजी.

पडद्यावर आलं : नंबर लागला.

सुनेचा चेहरा उतरला. निता लॅपटॉप मिटायला धावली, तर शेवटचा प्रश्न आला : साइट वापरताना कसं वाटलं?

खाली आपसूक उत्तर आलं, चतुराबाईला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

'तिले सोपं गेलं. मले पयल्यासारखंच आयकून घ्या लागलं.'

चतुराबाईनं अक्षराला अक्षर लावून वाचलं. मग ती खुर्चीवरून उठली, डोईवर पदर घेतला आणि खाली भुईवर बसली.